डोळ्याच्या मागे चार बोटं

राजापेठ, अमरावती
७ जानेवारी २०२५

आदरणीय पुंजाजी काकाजी,
सप्रेम जयभीम.

मी आणि धाकटी भावना वलगावला ठीक आहोत. तुम्ही, मैनाकाकू आणि माणिकआत्या, तिघांचीही तब्येत चांगली असावी. थंडीत आत्यांचे गुडघे धरतात हे मला आठवतं. संध्याताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "गुडघ्याचं नाव नको काढू. आत्या आजकाल फक्त फोटोचंच बोलते." त्याबद्दल पुढे लिहितो.

अकोल्याहून धारणीला परत जाताना संध्याताईंची इथे जिल्हा परिषदेत मीटिंग होती, म्हणून शुक्रवारी त्या दुकानात आल्या. ट्यूशनच्या मुलांची गर्दी होती. परीक्षेच्या फॉर्मसाठी पांढऱ्या पडद्यापुढचा फोटो, खाली नाव आणि तारीख. सकाळपासून मी "मान सरळ, चष्मा काढा, हसू नका" एवढंच बोलत होतो. ताईंनी काउंटरवर पिशवी ठेवली आणि म्हणाल्या, "घे बापा. बाबांनी पाठवलं. बसमधी मांडीवर घेऊन बसली मी, लेकरासारखं." मी तेव्हा पिशवी उघडली नाही. दुपारी गर्दी ओसरली तेव्हा उघडली.

पोचपावती म्हणून लिहितो. कॅमेरा एक, पट्ट्यासह. जर्मन लेन्स एक, दीडची, पुढच्या काचेवर पुसण्याचे बारीक ओरखडे, तुम्ही म्हणत तसे "बनियनचे". जपानी लेन्स एक, एक पॉइंट चारची, काच स्वच्छ, फोकसची रिंग थोडी जड. दोन्ही काकूंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत बांधलेल्या. आणि तुमची चिठ्ठी. ती मी इतक्या वेळा वाचली की पाठ झाली: "धम्मदीप, दोन्ही लेन्स तपास. चांगली असंन थे तू ठेव. दुसरी अन् कॅमेरा विकून टाक. मले आता दोन्ही सारख्याच."

काकाजी, मला लेन्स नको. हे मी नम्रपणे लिहितो आहे, रागावू नये. पण तपासायला सांगितलं आहे तर तपासतो, आणि तुम्ही शिकवलं तसंच तपासतो. दोन्ही एकाच कॅमेऱ्यावर, एकाच रोलवर, एकाच उजेडात, आलटून पालटून. आधी लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं, मग लहान करत दोन, दोन पॉइंट आठ, चार. मधला भाग वेगळा पाहायचा, कोपरे वेगळे. दारातून येणाऱ्या उजेडाविरुद्ध एक. मागची पानं कशी विरघळतात ते एक. प्रत्येक फोटोची नोंद लगेच लिहायची, आठवणीवर ठेवायची नाही.

फोटोंच्या नोंदीच्या चिठ्ठ्यांचे रकानेही तेच ठेवले आहेत: तारीख, ठिकाण, उजेड, लेन्स, कोणाचा फोटो, आणि शेवटचा, चूक कोणाची. पहिल्यांदा तो रकाना पाहिला तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो आणि दहावी नापास होऊन तुमच्याकडे आलो होतो. मी विचारलं होतं, चूक झालीच नाही तर काय लिहू? तुम्ही म्हणालात, "होतेच. उजेडाची होते, लेन्सची होते, नाही तं आपली होते. कोणाची थे पाहाचं अन् नाव लिहाचं. नाव लिहिलं का मंग दुसऱ्या डावाले होत नाही."

इथले मालक कुलदीपभाऊ चांगले आहेत. मी लेन्स पुसत होतो तर म्हणाले, "धम्मदीप, तू लेन्स पुसून राहिला का ऑपरेशन करून राहिला? नर्स बलावू का?" त्यांच्या ओळखीचे पुण्याचे एक डॉक्टर जुने कॅमेरे जमवतात. ते नऊ फेब्रुवारीला, रविवारी, इकडे लग्नाला येणार आहेत. कॅमेरा बघतील आणि आवडला तर लगेच नेतील, असं भाऊंनी ठरवलं आहे. तोपर्यंत मी काम संपवतो.

कॅमेऱ्याची बॉडी मी तपासलेली नाही. तुम्ही फक्त लेन्सबद्दल विचारलं आहे.

आता माणिकआत्यांचं. ताई सांगत होत्या की आत्या रोज सकाळी धुतलेलं लुगडं नेसून ओसरीत खुर्चीवर बसतात आणि म्हणतात, "पुंजा, मी थांबून राहिली ना बापा. मागून भितीवर लावाचा फोटो काढशीन तवा जाईन. मेल्यावर काढतं का?" आणि तुम्ही उठून मागच्या अंगणात जाता. संध्याताईंनी मोबाईलवर काढते म्हटलं तर आत्यांनी तोंड फिरवलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आईबापांचे फोटो काढायला भाऊ गावोगाव फिरला, आणि बहिणीच्या वेळी नाही म्हणतो, याचं त्यांना वाईट वाटतं, असं ताई म्हणाल्या.

रोल मुंबईहून मागवला आहे. आला की लिहितो.

तुमचा आज्ञाधारक,
धम्मदीप


वलगाव
१९ जानेवारी २०२५

आदरणीय काकाजी,
सप्रेम जयभीम.

पत्राला उशीर झाला. दुकानात फॉर्मचा शेवटचा आठवडा होता. दिवसाला दीडशे चेहरे होतात आणि घरी येईपर्यंत एकही आठवत नाही. तुमच्याकडे असताना दिवसाला एक चेहरा असायचा.

पहिला रोल झाला. मीच धुतला. छत्तीस फोटो, अठरा एका लेन्सचे, अठरा दुसरीचे. सगळं लिहितो.

कोपरे: पूर्ण उघडी असताना जर्मनचे कोपरे फार मऊ पडतात. निंबाची पानं काठाला गेली की गोल फिरल्यासारखी दिसतात. जपानीचे कोपरे बरे आहेत, पण काळवंडतात. चारला आणल्यावर दोन्हींमध्ये मला फरक सापडला नाही. भिंग लावून पाहिलं, निगेटिव्ह उलटी करूनही पाहिली.

उजेडाविरुद्ध: जर्मन लेन्स उजेड पिते. दारात माणूस उभा केला तर सगळ्या फोटोवर दुधासारखा एक पडदा येतो. ते ओरखड्यांमुळे की जुन्या काचेमुळे ते सांगता येत नाही. जपानी तशी पित नाही. काळं काळंच ठेवते.

मागचं धूसर: जर्मनचं मागचं शांत आहे. जपानीच्या मागे गवत असेल तर एकेक काडी दुहेरी दिसते, डोळ्याला टोचते.

सरळ रेषा: जपानी दाराची चौकट किंचित बाहेर फुगवते. जर्मन जवळजवळ नाही.

चेहऱ्यासाठी भावनाला बसवलं होतं. दारापासून चार हात आत, डावीकडून उजेड, तुमचीच जागा. अंतर दोऱ्याने मोजलं, पावणेदोन मीटर. ती वैतागली होती. "दादा, बारावीची परीक्षा मायी हाय का लेन्सची?" मी म्हटलं, हलू नको. ती म्हणाली, "हलून नाही राहिली, थंडीनं कापून राहिली." आता तिचा निकाल लिहितो. दोन्ही लेन्सनी, पूर्ण उघडी असताना, चेहरा हवा तसा आला नाही. जेवढा स्वच्छ असायला हवा तेवढा नाही.

त्याच रोलवर आगपेट्यांची परीक्षाही केली होती. सात आगपेट्या टेबलावर तिरप्या रांगेत, एकीच्या मागे दुसरी चार बोटांवर. कॅमेरा तिपाईवर. मधल्या, म्हणजे चौथ्या आगपेटीवर कॅमेऱ्याच्या खिडकीतली दोन्ही चित्रं एकावर एक बसवली, म्हणजे फोकस तिथे. बरोबर बसवली, तीनदा तपासली. फोटोत चौथी धूसर आणि पाचवी स्वच्छ. जर्मननेही पाचवी. जपानीनेही पाचवी.

दोन देशांत, दोन वेगळ्या कारखान्यांत झालेल्या लेन्स, आणि दोघी चार बोटं मागे. दोनदा केलं होतं. दोन्हीदा पाचवी.

याचं कारण मला या पत्रात लिहिता येत नाही. आणखी एक रोल लागेल.

बुधवारी तुमचा फोन आला तेव्हा दुकानात माणसं होती म्हणून मी नीट बोललो नाही. तुम्ही म्हणालात, "अबे धम्म्या, मी तुले दोन लेन्स देल्या अन् तू मले तीन पानं पाठवले. चांगली कोणची थे सांग ना." मी म्हटलं, काकाजी, अजून तपासणी चालू आहे. तुम्ही म्हणालात, "लेन्स पाहून राहिला का मुलगी पाहून राहिला बे?" कुलदीपभाऊंनाही ते ऐकू गेलं आणि ते हसले. मग तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "हे पाय, मायं मन नको राखू. दोन्ही लेन्स चांगल्याच असतीन. डोया मायाच गेला, मले मालूम हाय. डॉक्टर म्हन्ते डोया चांगला हाय. त्याले का समजते फोटोतलं?"

मी फोन ठेवला आणि पुढच्या मुलीला म्हणालो, मान सरळ. ती म्हणाली, सरळच आहे.

भावनाचे फोटो मी घरी वाळत घातले होते. तिने ते पाहिले, मग भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मायाबी आईसारखाच आला." मी विचारलं, म्हणजे कसा? ती म्हणाली, "दादा, तुले कधी वाटलं नाही का? आई आपल्याकडं पाहूनच नाही राहिली. ऐकून राहिली."

आईच्या कानातली फुली त्या फोटोत अशी आली आहे की तिचे खडे मोजता येतात. डोळे तसे नाहीत. हे तुम्हाला सांगायला नको.

आज एवढंच. माणिकआत्यांना सांगा, अजून थोडे दिवस थांबा.

तुमचा आज्ञाधारक,
धम्मदीप


वलगाव
२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय काकाजी,
सप्रेम जयभीम.

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. पहिल्या तिन्हींत लेन्सबद्दलच लिहीत गेलो आणि पान संपलं. आज आधी ते लिहितो, लेन्सचं मागून.

२०२१ च्या दिवाळीनंतर तुम्ही आणि काकू मूर्तिजापूरला तीन दिवस लग्नाला गेला होता. दुकान माझ्यावर होतं. जाताना तुम्ही म्हणालात, कॅमेरा बाहेरून पूस, आत हात नको घालू. मी बाहेरून पुसला. मग त्यातून समोरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहिलं. लेन्स शेवटपर्यंत, आडव्या आठच्या, म्हणजे अनंताच्या, खुणेवर होती. टाकीची दोन चित्रं दिसत होती, एकावर एक बसत नव्हती. अगदी थोडी, केसाएवढी सरकलेली.

तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. फ्रेम तिरपी लागली असेल तर मला जेवण जात नाही. दिवसभर मी त्या टाकीकडे पाहत राहिलो. मला वाटलं, कॅमेरा बिघडला आहे आणि तुमच्या लक्षात आलेलं नाही. लेन्सवर अंतरं लिहिलेली असतात: एक, दीड, दोन, तीन, पाच, दहा, आणि दहाच्या पुढे थेट आडवा आठ. मी समजलो की दहा मीटरच्या पुढे सगळं अनंतच. टाकी चाळीस मीटरवर होती. म्हणजे अनंतातच होती. मग तिथे दोन चित्रं बसलीच पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी मी लेन्स काढली. आत वरच्या बाजूला जे बारकं चाक असतं, लेन्स ज्याला ढकलते, त्याचा स्क्रू मी घड्याळाच्या पेचकसाने फिरवला. पाव फेरासुद्धा नाही. टाकी एक झाली. मला इतका आनंद झाला की मी कोणाला तरी सांगायला निघालो होतो. पण तुम्ही आत हात घालू नको म्हणाला होता. म्हणून सांगितलं नाही.

कॅमेरा बिघडलेला नव्हता. चाळीस मीटर म्हणजे अनंत नाही. तिथे ती दोन चित्रं केसाएवढी सरकलेलीच असायला हवी होती. ती बरोबर होती, म्हणूनच बसत नव्हती.

त्या दिवसापासून तुम्ही ज्या डोळ्यावर दोन चित्रं बसवलीत, त्याच्या चार बोटं मागे फोकस गेला. अंगणात, उन्हात, लेन्सचं छिद्र आठपर्यंत लहान केलेलं असताना काहीच कळलं नाही. पण म्हाताऱ्या माणसांना तुम्ही कधी उन्हात बसवलं नाही, आणि फ्लॅश मारला नाही. "आयुष्यभर उजेडापुढं वाकले, आता उजेडानं त्याइच्यापाशी यावं," असं म्हणत तुम्ही त्यांना त्यांच्या घरात, त्यांच्या जागेवर, दाराच्या उजेडात बसवत होता आणि लेन्स पूर्ण उघडत होता. म्हणून फक्त भिंतीचेच फोटो बिघडले. दुसरे कुठलेच नाही.

त्या माणसांच्या घरच्यांना कळलं नाही. त्यांनी हार घातले. तुम्हाला पहिल्याच प्रिंटला कळलं. तुम्ही ती खिडकीत नेली, चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. तुमचा नियम एकच होता, डोळ्यातली पाणीदार रेघ दिसली पाहिजे. तुम्ही जर्मन लेन्सला दोष दिला. नागपूरहून जपानी आणली. तीही तशीच निघाली, तेव्हा तुम्ही दोष द्यायला बाहेर काही उरलं नाही असं समजलात. चिठ्ठी मी लिहीत होतो. तुम्ही सांगितलंत, "चूक कोणाची, लिही. पुंजाजीच्या डोळ्याची." मी लिहिलं. स्वच्छ अक्षरात, वेलांटी तपासून. नऊ महिन्यांत तेवीस चिठ्ठ्या लिहिल्या. बाविसाव्या चिठ्ठीपर्यंत मला खरोखर माहीत नव्हतं.

तेविसावी आईची होती.

आईने स्वतःच बोलावलं होतं तुम्हाला. तुम्ही अकोल्याहून बसने आलात, चहा घेतला नाही, आधी उजेड पाहिला. ती म्हणाली, "भाऊजी, सुईत दोरा ओवते तशी मी दिसली पाहिजे. डोये बारीक करून." तुम्ही हसलात. मीच दोरा धरून अंतर मोजलं. प्रिंट हातात आली तेव्हा मला कानातली फुली दिसली. एवढी स्वच्छ फुली आणि डोळे असे. मला टाकी आठवली. आठवली आणि मी ती आठवण बाजूला ठेवली. चिठ्ठीवर तुम्ही सांगितलं तेच लिहिलं.

सप्टेंबरमध्ये आई गेली. पुण्यानुमोदनाला तुम्ही आलात. बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोखाली आईचा फोटो ठेवला होता. सगळ्यांचं जेवण झाल्यावर तुम्ही मला बाजूला घेतलंत आणि हात जोडलेत. माझ्यापुढे. तुम्ही म्हणालात, "धम्म्या, तुया मायच्या फोटोत डोये नाही आले रे. दुसऱ्या कोणाचे नसते आले तं चाललं असतं. माफ कर." आणि मी म्हणालो, "जाऊ द्या काकाजी."

एवढंच म्हणालो. तुमचे हात खालीसुद्धा केले नाहीत. तुम्ही स्वतःच ते खाली केलेत. त्यानंतर तुम्ही कॅमेरा उचलला नाही आणि मी अकोल्याला परत आलो नाही. भावना एकटी पडेल हे मी सांगितलेलं कारण खरं होतं, पण तेवढंच नव्हतं.

त्या वर्षी डिसेंबरमध्ये कुलदीपभाऊंच्या दुकानात कॅमेरे दुरुस्त करणारा एक माणूस आला होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, अनंत म्हणजे किती? तो म्हणाला, दोन किलोमीटरच्या आतलं काही धरू नका. तेव्हा नक्की कळलं. म्हणजे दोन वर्षं मला माहीत आहे. दोन वर्षं तुम्ही डोळ्याच्या डॉक्टरांकडे जात होता आणि मी पोस्टकार्डावर "तब्येतीची काळजी घ्यावी" असं लिहीत होतो.

तुमची पिशवी आली तेव्हा मला वाटलं, कदाचित लेन्समध्येच काही असेल. एकीत जरी निघालं तरी माझं थोडं कमी होईल. म्हणून एवढ्या आगपेट्या, एवढे कोपरे. दोघी चार बोटं मागे गेल्या तेव्हा काही उरलं नाही. दोन्ही लेन्स निर्दोष आहेत आणि तुमचा डोळाही. तुम्ही जिथे चित्रं बसवलीत तिथे ती बसलेलीच होती. चुकीच्या जागी बसतील अशी ती मी करून ठेवली होती.

आता पुढचं.

गेल्या रविवारी सकाळी मी दुकानाच्या गच्चीवर गेलो. बडनेऱ्याच्या बाजूला एक मोबाईलचा टॉवर दिसतो, अडीच किलोमीटरवर आहे, मी सायकलने जाऊन अंतर पाहून आलो. त्यावर स्क्रू परत आणला. पाच मिनिटं लागली. दुसरा रोल काढला. चौथी आगपेटी, दोन्ही लेन्सनी. भावनाला पुन्हा बसवलं. ती म्हणाली, "आता का हाय?" मी म्हटलं, शेवटचा. तो फोटो पत्रासोबत आहे, खिडकीत नेऊन पाहावा.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर देता येतं. जपानी जास्त धारदार आहे. पूर्ण उघडी असतानाही पापणीचा केस न् केस वेगळा करते, काठापर्यंत टिकते, उजेडाविरुद्ध डगमगत नाही. कागदावर तीच चांगली. पण ती सुरकुती कापते. जर्मन मध्यभागी जवळजवळ तेवढीच बारीक पाहते आणि वर उजेडाचा हलका हात फिरवते. सुरकुती दिसते, पण चिरल्यासारखी नाही. म्हाताऱ्या माणसासाठी मी जर्मन घेईन. फक्त दार माणसाच्या पाठीमागे नको.

यातली एकही मी ठेवत नाही. पुण्याच्या डॉक्टरांना येऊ नका असं कळवायला लावलं. कुलदीपभाऊ चिडले. "अबे, थो माणूस लग्नाचा आहेर सोडून कॅमेऱ्यासाठी येऊन राहिला अन् तू आता नाही म्हणतं? काऊन?" मी म्हटलं, कॅमेरा बिघडला होता, आता नीट झाला. ते म्हणाले, "मंग तं विकाचाच ना!" मी त्यांना जास्त सांगितलं नाही. आधी तुम्हाला सांगायचं होतं.

शनिवारी संध्याताई अकोल्याला येतील. कॅमेरा, दोन्ही लेन्स, काकूंच्या लुगड्याचे तुकडे, सगळं त्यांच्यासोबत पाठवतो आहे. कॅमेऱ्यात रोल भरलेला आहे. माणिकआत्यांसाठी कोरी चिठ्ठी पिशवीत ठेवली आहे. रकाने आखले आहेत. भरायचं काम तुमचं.

तुमच्या सगळ्या चिठ्ठ्यांची नक्कल मी अक्षर सुधारावं म्हणून वहीत ठेवत असे. त्यातल्या तेवीस पुन्हा लिहिल्या आहेत. तुमच्या डब्यातल्या काढून या ठेवाव्या, ही विनंती. मी गावोगाव फोन करून विचारलं. तेविसांपैकी नऊ जण आता नाहीत. त्यांचे फोटो आहेत तसेच राहतील. चौदा जण आहेत. त्यांची नावं आणि गावं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत. तुम्ही त्यांच्याकडे पुन्हा जाणार असाल तर दोरा धरायला मी रविवारी मोकळा असतो. नको म्हणालात तर तेही बरोबर आहे.

शेवटी नेहमी लिहितो तो शब्द यावेळी लिहिता येत नाही. आज्ञा एकच होती आणि ती मी मोडली. बावीस चिठ्ठ्या पाकिटात आहेत. तेविसावी पाकिटात घालायला धीर झाला नाही, म्हणून ती इथेच लिहितो.

तारीख : १६ ऑगस्ट २०२२
ठिकाण : वलगाव
उजेड : दाराचा, डावीकडून
लेन्स : जर्मन, पूर्ण उघडी
कोणाचा फोटो : गंगूबाई
चूक कोणाची : धम्मदीप